नांगीरावाची ओहोटी

हनीफचाचा,

कॉलेजच्या अंकात तुमच्यावर लिहिते असं मी म्हणाले, तेव्हा मॅडमनी मला पद्धत सांगितली. आधी जन्म आणि गाव, मग शिक्षण, मग नोकरी, मग स्वभाव आणि शेवटी पोकळी. 'त्यांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली आहे' हे वाक्य त्यांनी स्वतःच माझ्या कागदावर लिहून दिलं. मी ते खोडलं. कसली पोकळी? तुमच्या दुकानात अजून पाय ठेवायला जागा नाही. दारात प्लॅस्टिकचे चेंडू जाळीत लटकलेत, आत टोप्या, चपला, वेफर्सच्या माळा, आणि कोपऱ्यात ती गेमची पेटी. चाची तुमच्या खुर्चीवर बसते आणि गिऱ्हाइकाशी तुमच्याहून मोठ्या आवाजात घासाघीस करते.

म्हणून मी तुमच्याशीच बोलते. एवढं सलग, तुम्ही मधे तोंड न घालता, मी पहिल्यांदाच बोलणार आहे. मला दोनच गोष्टी सांगायच्यात. माझ्या परीक्षेला काय झालं ते. आणि आपलं भांडण अजून संपलेलं नाही, हे.

आपण भेटलो तेव्हा मी पाचवीत होते. देवळाकडून समुद्रावर जाणाऱ्या रस्त्यावर तुमचं दुकान, आणि दुकानात तीन गेम. दोन मोटारींचे, त्यांच्यावर मुलगे तुटून पडलेले असायचे. तिसऱ्यासमोर कुणी नसायचं, म्हणून मी तिथे उभी राहिले. लाकडी कपाटाएवढी पेटी, वर एक दांडी, दोन बटणं, आणि बाजूला रंगवलेला मिशीवाला खेकडा. डोक्याला फेटा आणि नांगीत एक चप्पल. खाली लिहिलेलं, 'नांगीराव'.

नांगीरावाचं कार्टून टीव्हीवर दुपारी लागायचं म्हणे. ते माझ्या आठवणीच्या आधीच बंद झालं. मला नांगीराव भेटला तो थेट पेटीत. एका पोराची चप्पल समुद्रात वाहून गेलेली असते, ती त्याला परत नेऊन द्यायची, एवढंच त्याचं काम. दुसऱ्या गेममधली माणसं जिकडे चालतात तिकडे बघतात. नांगीराव खेकडा, तो आडवा चालायचा, त्यामुळे त्याचं तोंड कायम आपल्याकडे. पडताना, उठताना, लाट अंगावर घेताना तो माझ्याकडेच बघत असायचा. मला ते फार आवडलं होतं. घरी आम्ही पाच जणं होतो, पण एवढं टक लावून माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

शेवटच्या टप्प्यात डोंगराला वळसा घालून कातळावरून जायचं होतं. कातळ पाण्याखाली. पाणी थोडं उतरायचं, मला वाटायचं आता वाट उघडी पडेल, आणि ते परत चढायचं. मी थांबले, परत खेळले, परत थांबले. मागे मोटारवाला एक मुलगा म्हणाला, "ए, ती पेटी बिघडलेय. घरी जाऊन भांडी घास."

मी तुम्हाला म्हणाले, "चाचा, हा अडकलाय."

तुम्ही टोप्या मांडत होता. मान वर न करता म्हणालात, "अडकलाय न्हाय. दर्या हाय. आज तिथी काय ते आयेला इचार, मग माझ्याशी बोल."

मी रागाने घरी गेले. आई कालवांचे शिंपले फोडत बसली होती. ती कालवं काढायला कातळावर जाते, तिला पाण्याचं सगळं ठाऊक. मी विचारलं तर म्हणाली, "नवमी. का गं?" मी गेमचं सांगितलं. तिने तो गेम जन्मात पाहिला नव्हता. हातातली कोयती न थांबवता म्हणाली, "मग आज पाणी कुठं उतरणार? भांग हाय ना. अवसेला बघ."

अंक वाचणारे सगळे किनाऱ्यावरचे नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी सांगते. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं. पाणी खूप चढतं आणि तेवढंच खूप उतरतंही. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांगाचं पाणी. फार चढत नाही आणि उतरतही नाही. हरिहरेश्वरला डोंगराभोवती समुद्राच्या काठाने प्रदक्षिणा करायची तर ओहोटी बघूनच उतरावं लागतं. ती पेटी चाचांनी स्वतः बनवली होती आणि हे सगळं तिच्यात घातलं होतं. पेटीतल्या घड्याळावरून आज चंद्र किती दिवसांचा आहे हे काढायचं, त्यावरून भरती-ओहोटी, आणि त्यावरून नांगीरावाची वाट. बाहेर कातळ उघडा पडला तर आतही पडणार. बाहेर नाही तर आतही नाही.

मी अमावास्येला परत आले. संध्याकाळी, दिवेलागणीला, बाहेर पाणी पार लांब गेलेलं असताना पेटीतला कातळ उघडा पडला, काळा, ओला, आणि नांगीराव माझ्याकडे बघत बघत त्याच्यावरून चालत गेला. मी ओरडले. तुम्ही टोप्या टाकून आलात आणि म्हणालात, "बघ. बिघडलाय काय?"

त्यानंतर मी हे सगळ्या वर्गाला सांगितलं आणि गावातल्या आयांचं माझ्याशी वैर झालं. कारण पोरं एरवी अमावास्येला तिन्हीसांजेला उंबऱ्याबाहेर पडत नसत, ती आता नेमकी त्याच वेळेला तुमच्या दुकानाकडे धावायला लागली. शेजारच्या काकू दारातून ओरडायच्या, "अरे अवस हाय! केस मोकळे सोडून कुठं चाललीस गो?" आणि मी म्हणायचे, "काकू, पाणी उतरलंय!" तुम्ही हसत दारात उभे राहायचात. मोटारीचे दोन गेम त्या दिवशी ओस पडलेले असायचे. भांड्यांचं बोललेला तो मुलगा रांगेत माझ्या मागे उभा असायचा.

मग एकदा तुम्ही मला पेटीची गोष्ट सांगितलीत. कितीदा सांगितलीत त्याला हिशेब नाही, आणि प्रत्येक वेळी गोष्टीतल्या साहेबाची मिशी थोडी वाढायची.

तुम्ही मुंबईला एका लहानशा कंपनीत होता. मॉलमधल्या गेमच्या पेट्या बनवणारी कंपनी. टीव्हीवाल्यांनी नांगीरावाचा गेम करायला सांगितला आणि तो तुमच्या वाट्याला आला. आता समुद्र काढायचा म्हटल्यावर हरिहरेश्वरचा माणूस कुठला समुद्र काढणार? तुम्ही आपला काढलात. भरती-ओहोटीसकट. आणि कुणाला सांगितलं नाही. मी विचारायचे, "का नाही सांगितलं?" तर तुम्हाला प्रश्नच कळायचा नाही. "सांगायचं काय त्यात? दर्या म्हटला का पानी चढतं-उतरतं. ते येगळं सांगतात?"

टीव्हीवाले साहेब पेटी बघायला आले तो दिवस अष्टमी होता. साहेब चांगले खेळले. शेवटपर्यंत पोचले. मग पाणी उतरेना. ते थांबले, घड्याळ बघितलं, परत खेळले, परत थांबले. म्हणाले, "हे हँग होतंय." पेटीवर तुमच्याबरोबर काम करणारा सोबती, त्याला तेवढं ठाऊक होतं, तुमच्या कानात म्हणाला, "हनीफ, घड्याळ आठवडाभर पुढं कर. एक मिनिटाचं काम." तुम्ही म्हणालात, "आज भांग हाय. दर्याला सांगू काय, साहेब आलेत म्हणून?"

गेम रद्द झाला. एकच पेटी बनली होती, ती कंपनीच्या जिन्यात अडचण करून उभी होती. तुम्ही ती मागून घेतलीत, टेम्पोत टाकलीत आणि गावाला आलात. परत मुंबईला गेला नाहीत. गोष्ट संपवताना नेहमी म्हणायचात, "माझा गेम का रद्द झाला? दर्या बरोबर होता म्हणून."

आणि मी नेहमी म्हणायचे, "दर्या बरोबर होता. तुम्ही चुकलात."

इथून आपलं भांडण. माझं म्हणणं एवढंच होतं की खेळणाऱ्याला कळायला तर पाहिजे. कोपऱ्यात छोटा चंद्र काढा. दोन ओळी लिहा. नाहीतर त्या दिवसापुरतं घड्याळ पुढे केलं असतंत तर नांगीराव आज सगळ्या मॉलमध्ये असता.

"दर्यावर पाटी असते काय गो?"

"नसते म्हणूनच टूरिस्ट अडकतात ना!"

"मग ते मूर्ख हायेत."

"ते मूर्ख नाहीत, चाचा. ते लातूरचे आहेत."

तुम्ही एवढे हसलात की चाची आतून बघायला आली. पण पाटी लावली नाहीत. पर्यटक पेटीवर हात आपटून जायचे, "खराब मशीन ठेवलंय" म्हणायचे, आणि तुम्ही त्यांना एक शब्द बोलायचा नाहीत. मला ते बघवायचं नाही. अजूनही वाटतं, त्यात थोडी तुमची मिजास होती. राग मानू नका. मानलात तरी मी आता मागे घेणार नाही.

हे मी अंकात लिहावं की नाही मला कळत नाही, पण लिहिते. मी बारावीनंतर कॉम्प्युटरला जाते म्हणाले, तेव्हा घरात कुणाला ते काय असतं माहीत नव्हतं. पप्पा मिनीडोर, म्हणजे सहा सीटची रिक्षा चालवतात, त्यांनी विचारलं, "म्हणजे झेरॉक्स सेंटर?" त्यांना हसण्यासारखं काही नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढचा रस्ता कुणी पाहिलाच नव्हता. पहिल्या वर्षी माणगावच्या कॉलेजात सर बोलायचे आणि मी फक्त मान हलवायचे. सुट्टीत मी तुमच्याकडे येऊन म्हणाले की मला जमत नाही, मी सोडते. तुम्ही पेटीचं मागचं दार उघडलंत, आतला कीबोर्ड बाहेर काढलात, त्यावरची वाळू फुंकलीत आणि म्हणालात, "नांगीरावाला एक पाऊल मागं टाकायला शिकव. मग सोड."

खेकडा मागे चालत नाही. मला ते करायला सगळी सुट्टी गेली. कारण आधी त्याच्या आठ पायांचं एकेक पाऊल समजून घ्यावं लागलं. शेवटी नांगीराव मागे सरकला, अडखळत, आणि तुम्ही बघून म्हणालात, "छी! किती वाईट दिसतंय. काढून टाक." मी काढून टाकलं. कॉलेज सोडलं नाही.

तुमच्या अब्बांचं तुम्ही मला शेवटच्या वर्षी सांगितलंत. ते कालवं काढायला डोंगराच्या त्याच बाजूला जायचे. काम झालं की प्रदक्षिणेची वाट जिथे खाली उतरते तिथे, दगडावर, विडी ओढत बसायचे. पाणी वाईट असलं की भाविकांना परत पाठवायचे. "आज न्हाय. परवा या." कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणी काही देत नव्हतं. घाटावरचे लोक चिडायचे. एकदा एक आजोबा म्हणाले, "आम्ही एवढ्या लांबून आलोय!" आणि अब्बा म्हणाले, "दर्या पण लांबूनच आलाय, बाबा."

तुम्ही हे हसत हसत सांगितलंत, आणि मला एकदम माझा मुद्दा सापडला. मी उभी राहिले. म्हणाले, "चाचा, दर्यावर पाटी नसते, बरोबर. पण अब्बा होते ना! दर्या नुसता नव्हता. त्याच्याशेजारी सांगणारा माणूस बसलेला होता. तुम्ही पेटीत दर्या घातलात आणि माणूस घालायला विसरलात."

तुम्ही पेटीकडे बघितलंत. मग म्हणालात, "चा पितेस?"

ते उत्तर नव्हतं, चाचा. मी वाट बघत होते. मी चहा प्यायले, एसटी पकडली, माणगावला गेले. मला वाटलं, पुढच्या अमावास्येला विचारते. आणि मग पप्पांचा फोन आला.

तुमच्या मय्यतीला पुरुष कब्रस्तानात गेले. मी घरात बायकांबरोबर चाचीजवळ बसले. कुणी तुमच्याबद्दल चांगलं बोललं की चाची मान हलवायची, आणि फार चांगलं बोललं की "तेवढं पण न्हाय" म्हणायची. एक बाई म्हणाल्या, बिचाऱ्याचं मुंबईत नशीब फुटलं, एवढी नोकरी गेली. चाचीने माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "नोकरी गेली न्हाय, ह्यांनी सोडली. आणि त्या गेमचं म्हणशील, तर ते कार्टूनच बंद व्हायचं होतं. पानी उतरलं असतं तरी पेटी रद्दच व्हायची होती. सगळ्यांना ठावं होतं. पण ह्यांना ते कारण आवडायचं न्हाय."

मला कळेना हसावं की काय करावं. एवढी वर्षं मी ज्या कारणावर तुमच्याशी भांडले ते कारणच नव्हतं! नांगीराव मॉलमध्ये जाणारच नव्हता. साहेबाला अष्टमी नडली नाही, पौर्णिमेलाही त्याने 'नाही'च म्हटलं असतं. आणि तुम्ही हे मला कधी सांगितलं नाहीत, कारण भांडणात तुम्ही एका वाक्यात जिंकला असतात आणि मग भांडण संपलं असतं.

नंतर आठवडाभर मी विचार केला. मग ठरवलं. मीही तुमचंच कारण सांगणार. कार्टून बंद झालं म्हणून रद्द झालेले गेम खूप असतील. दर्या बरोबर होता म्हणून रद्द झालेला एकच आहे.

आता परीक्षेचं.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. बाकीच्यांनी दुकानाचं बिलिंग, वाचनालयाची नोंदणी असं काहीतरी केलं. मी नांगीराव घेतला. तुम्ही असतानाच घेतला होता, तुम्हाला माहीत आहे. तुमचं जुनं काम तसंच ठेवून त्यात माझी भर घालायची, असं ठरलं होतं. भर काय, ते ठरलं नव्हतं. बाहेरच्या परीक्षकांची तारीख लागली तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेले आणि तिथी बघितली.

अष्टमी.

आमचे सर चांगले आहेत, हे आधी सांगते. ते म्हणाले, "रोशनी, परीक्षकांकडे दहा मिनिटं असतात. गेम संपला नाही तर ते अपूर्ण लिहिणार. अपूर्ण म्हणजे नापास, वर्ष गेलं. घड्याळ आठवडाभर पुढे कर. कुणाला कळणार आहे?"

मी म्हणाले, "नाही सर."

"अगं, एक मिनिटाचं काम आहे."

चाचा, शब्दाला शब्द तेच. गंमत म्हणजे, एवढी वर्षं मी तुम्हाला हेच सांगत आले होते, घड्याळ पुढे करायला हवं होतंत. आणि माझी वेळ आल्यावर माझा हात त्या घड्याळाकडे जाईना. वर्ष गेलं तर पुढची फी कुठून, पप्पांना काय सांगू, धाकट्या बहिणीचं काय, हे सगळं मला दिसत होतं. तरी जाईना. पेटी खोटं बोलते हे मला चालणार नव्हतं. ती तुम्ही असताना कधी बोलली नव्हती, आणि तुम्ही गेल्यावर तिने माझ्यासाठी बोलायला लागावं?

पण गप्प बसणंही मला मान्य नव्हतं. ती तुमची पद्धत. मी घरी आले आणि माझी भर घातली.

पेटी माणगावला नेणं हे एक प्रकरणच झालं. पप्पांनी मिनीडोरचं मागचं बाक काढलं, चाचीने तुमची गोधडी दिली, आणि चौघांनी पेटी उभी करून दोरीने बांधली. म्हसळ्याच्या पुढे घाटात पप्पा एवढे हळू चालवत होते की मागची गाडी हॉर्न वाजवून थकली. वाटेत एकाने विचारलं, "देव नेताय काय?" पप्पा म्हणाले, "न्हाय वं, खेकडा." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पास होशील ना पण?"

मी म्हणाले, "माहीत नाही, पप्पा."

त्यांनी पुढचं वळण घेतलं. मग म्हणाले, "बरं. पण खेकड्याला धक्का लागला न्हाय पायजे."

परीक्षक अलिबागकडचे होते. चष्मा कपाळावर, हातात चहा. पेटी बघून म्हणाले, "अरे, हे काय आणलंय?" आणि चहा ठेवून सरळ खेळायलाच लागले. चांगले खेळत होते. पाठीमागे अख्खा वर्ग, सर दाराशी, हाताची घडी घालून. मी बाजूला उभी. शेवटचा टप्पा आला. डोंगर, कातळ, आणि पाणी. दुपारची वेळ, अष्टमीची ओहोटी. पाणी थोडं उतरलं. ते पुढे वाकले. पाणी थांबलं.

आणि उतरणीच्या तोंडाशी, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेला एक माणूस दिसला. डोक्याला जाळीची टोपी, चौकड्यांची लुंगी. नांगीराव त्याच्याजवळ पोचला तसा तो म्हणाला, म्हणजे त्याच्या डोक्यावर अक्षरं उमटली, "आज न्हाय. भांगाचं पानी हाय. अवसेला ये."

परीक्षक थांबले. "म्हणजे?"

मी सांगितलं. चंद्र, तिथी, पाणी.

"म्हणजे आज हा गेम पूर्ण होणारच नाही?"

"नाही, सर."

"आणि मी अलिबागहून आलोय तो?" ते अर्धवट चिडून, अर्धवट गमतीने म्हणाले आणि त्यांनी बटण परत दाबलं. खुर्चीवरच्या माणसाने दुसरं वाक्य म्हटलं. ते मी तसंच ठेवलं होतं, कुणी दोनदा विचारलं तर म्हणून.

"दर्या पण लांबूनच आलाय, बाबा."

सगळा वर्ग हसला. सर हसले. परीक्षक आधी हसले नाहीत. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, ते वाक्य परत वाचलं, मग हसले. मग मला विचारलं, "आणि घड्याळ पुढे का नाही केलंस? सोपं होतं की."

मी उत्तर पाठ करून आले होते, ते सगळं विसरले. म्हणाले, "सर, ज्यांनी हा केला त्यांनी नव्हतं केलं."

"ते कोण?"

मी पडद्याकडे बोट दाखवलं. खुर्चीवरच्या माणसाकडे.

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय, ते मला दिसलं नाही. निकाल अजून लागलेला नाही. अपूर्ण लिहिलं असेल तर लिहू देत. मी परत परीक्षेला बसेन, आणि ती अष्टमीला आली तर परत हेच दाखवेन. हे मी पप्पांना सांगितलंय. ते म्हणाले, "गाडी हाय आपली."

पेटी तुमच्या दुकानात परत आली. काल अमावास्या होती. तिन्हीसांजेला पोरं जमली, काकू दारातून ओरडल्या, सगळं तसंच. एवढ्या वर्षांत चाचीने त्या पेटीला फडक्याशिवाय हात लावला नव्हता. काल ती खुर्चीवरून उठली, पोरांना बाजूला सारलं आणि दांडी धरली. तिला खेळता येत नाही, मी मागून तिचा हात धरला. शेवटच्या टप्प्याला पोचलो. तिने खुर्चीवरचा माणूस बघितला, चष्मा वर केला, खाली केला.

"नाक मोठं केलंस," ती म्हणाली. "येवढं मोठं न्हवतं ह्यांचं."

"होतं, चाची."

"बरं, होतं." मग म्हणाली, "बोलतो काय हा?"

पाणी उतरलं होतं. कातळ उघडा पडला होता, काळा, ओला. अशा दिवशी तुम्ही वेगळं बोलता. ते लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. चाचीने एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. "जा. पानी चढायच्या आत ये."

मग चाचीने दांडी दाबली आणि नांगीराव निघाला, आडवा, आमच्याकडे बघत, चप्पल घेऊन, डोंगराच्या पलीकडे.

तर हे असं आहे, चाचा. मी पाटी लावलेली नाही. माणूस बसवलाय. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही परत चहाच विचारला असतात. तुम्हाला हे पटणार नाही, हे मला माहीत आहे. काढून टाक म्हणाल. नांगीरावाचं मागचं पाऊल मी तुमच्या सांगण्यावरून काढलं होतं. हे काढणार नाही. तुम्ही सांगितलंत तरी नाही, कुठल्या साहेबाने सांगितलं तरी नाही.

भांडायचं असेल तर अमावास्येला या. दिवेलागणीला. वाट तेव्हा उघडी असते.

तुमची,
रोशनी